नवऱ्याला म्हणे ओप्पा!

तुमच्या कानावर आलंच असेल, पण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. निशावहिनींनी गेल्या भिशीत, आम्हा चौदा जणींच्या देखत, नवऱ्याला फोनवर 'ओप्पा' म्हणून हाक मारली. माझ्या हातात साबुदाणा वड्यांची बशी होती, ती पडली नाही हे पूर्वजांचं पुण्य. वर लाडात येऊन म्हणतात कशा, 'ओप्पा, येताना कोथिंबीर आणा ना.' आणि आणली हो त्यांनी! निवडूनही दिली, असं त्यांच्याकडच्या पोळ्यावाल्या मावशी सांगत होत्या, पण ते मी अजून खरं मानलेलं नाही.

ओप्पा म्हणजे काय, ठाऊक आहे? दादा. थोरला भाऊ. कोरियात मुली थोरल्या भावाला ओप्पा म्हणतात, प्रियकरालाही म्हणतात आणि लग्नानंतर नवऱ्यालाही. तिकडे चालत असेल. पण सदाशिव पेठेत वाढलेल्या, हरतालिकेला निर्जळी उपास करणाऱ्या बाईनं नवऱ्याला दादा म्हणायचं? घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या जपमाळ न थांबवता म्हणाल्या, 'मग भाऊबीजेला ओवाळणीही घेते का त्याच्याकडून?'

मंदाकाकू शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांना शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय झोप लागत नाही. त्यांनी शोधून काढलं, की नवऱ्यासाठी तिकडे खास शब्द आहे 'योबो'. मुरलेल्या संसारातला. आणि त्याचं मूळ 'इकडे बघा' अशा अर्थाच्या शब्दांत आहे म्हणे. म्हणजे काय झालं? म्हणजे आपलं 'अहो, ऐकलंत का!' झालं. पण निशावहिनींनी 'अहो' लग्नानंतर दोन वर्षांतच जुनाट म्हणून टाकून दिलं होतं. आता बावीस वर्षांनी परदेशातून काही आणायचंच होतं, तर निदान योबो तरी आणायचा. आणला कोण, तर दादा.

हे कुठून शिरलं ते सांगायला नको. कोरियन मालिका. पण मालिका म्हणायचं नाही, के-ड्रामा म्हणायचं. मालिका म्हणजे आपल्या, संध्याकाळच्या, नथ घालून झोपणाऱ्या बायकांच्या. शिरलं ते टाळेबंदीत. २०२० साली भारतात कोरियन मालिका बघण्याचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ३७० टक्क्यांनी वाढलं, असं नेटफ्लिक्सनंच जाहीर केलं होतं. त्यातले निम्मे टक्के आमच्या बी विंगमधले असावेत. त्या वेळी 'क्रॅश लँडिंग ऑन यू' नावाची मालिका घरोघरी होती. दक्षिण कोरियातली एक गर्भश्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियातल्या झाडावर जाऊन लटकते. खाली कोण, तर देखणा लष्करी अधिकारी. बाहेर भाजी मिळत नव्हती, मिळाली तर मिठाच्या पाण्यात धुवावी लागत होती, आणि आमची बी विंग कशासाठी हळहळत होती? तर त्या अधिकाऱ्याने तिच्यासाठी कॉफीच्या बिया स्वतःच्या हाताने भाजल्या म्हणून. त्या मालिकेतल्या नायक-नायिकेने २०२२च्या मार्चमध्ये खरंच लग्न केलं, तेव्हा निशावहिनींनी पेढे वाटले. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मसालेभात गार होता म्हणून दीड महिना अबोला धरलेल्या बाई या!

आता छत्रीचं प्रकरण ऐका. कोरियन मालिकेत पाऊस पडला, की नायक छत्री घेऊन येतोच. येतो तो येतो, वर छत्री तिच्याकडे इतकी कलती धरतो, की त्याचा एक खांदा भिजून निथळायला लागतो. कॅमेरा तो खांदा दाखवतो. इथे आमच्या भिशीत शांतता पसरते. मग कोणीतरी उसासा टाकतं आणि विषय आपापल्या घरच्या छत्र्यांवर घसरतो. मंदाकाकूंच्या यजमानांची छत्री १९९१ सालची आहे, तिची एक काडी बाहेर आलेली आहे, आणि ती काडी नेमकी काकूंच्या बाजूला असते. तेहतीस पावसाळे काकू ती काडी चुकवत चालल्या, कधी तक्रार नाही. परवा म्हणाल्या, 'त्यांनी एकदा तरी छत्री फिरवून धरावी असं नाही वाटलं?' माझं विचाराल, तर पाऊस आला की आमचे हे म्हणतात, 'तू आडोशाला थांब, मी गाडी घेऊन येतो.' पंचवीस वर्षं मी याला काळजी समजत होते. परवा भाची म्हणाली, 'मावशी, म्हणजे छत्री काका एकटेच वापरतात.' बघा, सुखाच्या संसारात मिठाचा खडा असा पडतो.

पाठीवर घेण्याचं तर विचारूच नका. तिकडची नायिका सोजू नावाची दारू पिते, दोन पेल्यांत आडवी होते, मग नायक तिला पाठुंगळी घेऊन चढणीच्या गल्लीतून घरी सोडतो. दर चौथ्या मालिकेत ही चढण आणि ही पाठ. आमच्या ह्यांनी मला पाठुंगळी घ्यायचं म्हणजे आधी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी लागेल, आणि मला त्याआधी दारू शिकावी लागेल. या वयात दोन्ही जमणार नाही.

भाचीची तक्रार नवऱ्यांबद्दल नाही, तिला अजून तो मिळायचाय. तिची तक्रार देशाबद्दल आहे. बारावीत आहे, जन्म चिंचवडचा, लांबात लांब प्रवास हैदराबादचा. पण बोलायला लागली, की प्रत्येक वाक्य सुरू होतं 'इंडियात ना...' असं. जशी काही इथे दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलीय आणि व्हिसा संपत आलाय. इंडियात ना, कोणी रांग पाळत नाही. इंडियात ना, फुटपाथच नसतात. इंडियात ना, रात्री दोन वाजता दुकानात जाऊन नूडल्स खाता येत नाहीत. 'रात्री दोन वाजता तू झोपलेली असतेस,' असं सासूबाईंनी सांगून पाहिलं. उपयोग नाही.

तिला सगळ्यात प्रिय काय, तर तिकडचा बसथांबा. रिकामं बाकडं, वर मंद दिवा, बस येते, दार उघडतं, नायिका खिडकीशी बसते, काचेला डोकं टेकते, बाहेर बर्फ. मी म्हटलं, चल, तुला आपला थांबा दाखवते. गेलो. छप्पर आहे, छपरावर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस आहे, बाकड्याच्या जागी जमिनीतून वर आलेले चार बोल्ट आहेत. चाळीस मिनिटांनी बस आली आणि थांब्याच्या वीस पावलं पुढे जाऊन उभी राहिली. धावलो, चढलो. डोकं टेकायचंच म्हणाल तर माझं टेकलं होतं, एका गृहस्थाच्या खांद्यावरच्या डब्याच्या पिशवीला. भाची काहीच बोलली नाही, बोलायचं कामही नव्हतं. आणि खरं सांगू? त्या दिवशी मलाही पटलं. इतकी वर्षं मी त्या चार बोल्टांशेजारी उभी राहत आलेय, पण इथे बाकडं असायला हवं होतं, हे मला सोलचं बाकडं बघेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. कार्टीचं सगळंच काही चुकत नाही.

पण हा रोग नवा नव्हे बरं का. १९९२च्या सुमारास गल्लोगल्ली केबलवाले शिडी लावून वायरी ओढत होते, तेव्हा स्टार प्लसवर 'बोल्ड अँड ब्युटिफुल' लागायचं. माझी आत्या खिडक्या लावून बघायची. त्यातली ब्रुक नावाची बाई आज थोरल्या मुलाच्या प्रेमात, उद्या त्याच्या बापाची लग्नाची बायको, परवा पुन्हा मुलाची. आत्या 'शी शी' म्हणत प्रत्येक भाग बघायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला ब्रुकचे सोयरसंबंध बिनचूक सांगायची. त्यावरून तिने दोन निष्कर्ष काढले होते. एक, अमेरिकेत कोणाला लाज नाही. दोन, अमेरिकेत कोणी भांडी घासत नाही. दुसऱ्या निष्कर्षाच्या जोरावर तिने मुलाला न्यू जर्सीला धाडला. त्याचं पहिलं पत्र आलं : 'आई, इथे भांडी, कपडे, संडास, सगळं माझं मलाच करावं लागतं.' आपल्या मुलाला कुठल्यातरी भलत्याच अमेरिकेत पाठवलंय, असा आत्याचा बरेच दिवस समज होता.

जगभर हेच. जपानची 'ओशिन' इराणमध्ये इतकी चालली, की ओशिनच्या सासरच्या आडनावावरून तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानांना 'तानाकुरा' म्हणायला लागले, अजून म्हणतात. १९८९ साली तेहरानच्या रेडिओवर एका बाईला विचारलं, तुमचा आदर्श कोण? ती म्हणाली, ओशिन. खोमेनींनी एवढा थयथयाट केला, की रेडिओवाल्यांना तुरुंगाचा दरवाजा दिसला. म्हणजे परदेशी मालिकांवर चिडणाऱ्यांत आमच्या सासूबाईंचा नंबर फारच खाली लागतो. आपल्याकडे २०१४ साली 'जिंदगी' नावाच्या वाहिनीवर पाकिस्तानी मालिका सुरू झाल्या, तेव्हा धक्का उलटा होता. तिकडच्या बायकाही डाळच शिजवतात, तिकडेही जाऊबाई टोमणेच मारतात, हे बघून लोक चकित. २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर त्या मालिका बंद झाल्या आणि जाऊबाई तिकडेच राहिल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, की परदेशी मालिका म्हणजे त्या देशाचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पडदे धुतलेले, कपबशा शेजारून आणलेल्या, विक्षिप्त चुलतभावाला सिनेमाला धाडलेलं. आणि आपण तुलना कशाशी करतो, तर आपल्या घरच्या सकाळच्या सातच्या स्वयंपाकघराशी, जिथे कुकरची शिट्टी उडालीय आणि कोणाचा तरी मोजा सापडत नाहीये. मुलगी पसंत पडणारच तिकडची!

आणि ते लोक हा कार्यक्रम भोळेपणाने करतात असं समजू नका. १९९४ साली त्यांच्या राष्ट्राध्यक्षांपुढे एक अहवाल गेला : 'जुरासिक पार्क' या एका सिनेमाची कमाई म्हणजे पंधरा लाख ह्युंदाई गाड्या परदेशी विकण्याइतकी. आमच्याकडे असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला गाड्यांचं महत्त्व कळत नाही म्हणून बदली झाली असती. त्यांनी मात्र मालिका-सिनेमांवर सरकारी थैली मोकळी केली. २०१० साली मालिकेतच जाहिरात घुसवायचे नियम सैल केले. म्हणून तर तिकडची नायिका प्रेमभंग झाला तरी रडायला सँडविचच्या एका ठरावीक दुकानातच जाते, आणि रडता रडता आत काय काय घालायचं ते सविस्तर सांगते. आपल्या पोरी हे अश्रू बघतात, आणि आठवड्याभरात आपल्या मॉलमध्ये तसंच सँडविच मागतात. २०२०च्या आपल्या नव्या शैक्षणिक धोरणातही शाळेत शिकता येण्याजोग्या परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे. भाचीला हे पाठ आहे. त्या धोरणातलं दुसरं एकही वाक्य तिला ठाऊक नाही.

आतल्या खोलीत काय आहे, ते मी जरा डोकावून पाहिलं. कुतूहल म्हणून हो, चहाडी म्हणून नव्हे. २०२३ साली कोरियात दर बाईमागे मुलांचं प्रमाण ०.७२ वर आलं होतं, जगात सगळ्यात कमी. एवढे ओप्पा छत्र्या घेऊन उभे असताना बायका लग्नाला आणि मुलांना का तयार नाहीत? मग दुसरा आकडा सापडला. श्रीमंत देशांची ती ओईसीडी नावाची संस्था आहे ना, तिच्या पाहणीत कोरियातला पुरुष दिवसाला घरकाम करतो ते तासाच्या आत. आपला पुरुषही तासाच्या आतच. दोघे एकाच पंगतीला, पानावरून न उठणारे. हे मी भिशीत मोठ्याने वाचून दाखवलं. सन्नाटा. मग निशावहिनी शांतपणे म्हणाल्या, 'ते साधे कोरियन असतील.'

मी हार मानली नाही. म्हटलं, त्यांचा छुसोक नावाचा सण ऐका. आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा. कधी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला येते, कधी कोजागिरीला. पूर्वजांचं पान मांडायचं असतं. कोण रांधतं? सुना. सासरी जाऊन, दोन दिवस, जमिनीवर बसून तव्यावर शेकड्यांनी धिरडी काढायची. पुरुष नमस्कार करायला येतात. सण संपला की बायकांची पाठ, डोकं, मन सगळं दुखतं, आणि या दुखण्याला तिकडे चक्क नाव आहे, सणाचा आजार! यावर मात्र चौदाही जणी पुढे सरसावल्या. ज्येष्ठागौरींच्या सोळा भाज्या, पितृपाठातले वडे, कोणाच्या सासूबाईंनी खिरीला काय नाव ठेवलं होतं, असं साडेसातपर्यंत चाललं. त्या दिवशी कोरिया सगळ्यांना पहिल्यांदा खरा वाटला.

भाचीला मात्र परीक्षेचं सांगून जमिनीवर आणावं लागलं. तिकडे नोव्हेंबरात सुनुंग नावाची परीक्षा असते, आपल्या बारावी आणि नीटची थोरली बहीण. इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असते तेवढा वेळ देशभर विमानांचं चढणं-उतरणं बंद. शेअरबाजारही तासभर उशिरा उघडतो, पोरांना रस्त्यात गर्दी लागू नये म्हणून. भाचीचे डोळे चमकले : 'बघ, किती काळजी घेतात!' मी म्हटलं, बाळा, ज्या परीक्षेसाठी विमानं थांबतात, ती देणाऱ्या पोराच्या पोटात काय होत असेल? माझ्या बहिणीच्या सोसायटीत, खराडीला, एक कोरियन कुटुंब आहे. नवरा रांजणगावच्या बाजूला कारखान्यात आहे. त्या बाईंशी भाचीची गाठ घालून दिली. भाचीने त्यांना शाळेतल्या प्रेमकथांबद्दल विचारलं. त्या हसल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, कसलं प्रेम, आम्ही रात्री अकराला क्लासमधून सुटायचो. मग म्हणाल्या, कॉलेजात असताना त्यांनी 'थ्री इडियट्स' पाहिला होता. तो तिकडे बराच चालला. त्यातल्या गळफास घेणाऱ्या मुलाला बघून त्या थेटरात हुंदके देऊन रडल्या, कारण हे भारतातलं आहे असं त्यांना वाटलंच नाही. घरी येताना रिक्षात भाची गप्प होती. 'इंडियात ना' एकदाही आलं नाही.

दोन दिवसांनी आलं. किमची घालताना. ती भानगड मी थोडक्यात सांगते, कारण अजून आमच्या लिफ्टमध्ये वास आहे. कोबी, मुळा, लसूण, आलं, मिरची, आणि माशाचा एक खारट अर्क. तो अर्क आमच्याकडे चालणार नाही म्हणून तिने सोया सॉस घातला. बरणी ओट्यावर तीन दिवस बुडबुडत होती. चौथ्या दिवशी वॉचमन विचारायला आला, की ड्रेनेजवाल्याला बोलवू का. सासूबाईंनी चव घेतली, म्हणाल्या, 'आंबलंय, पण बरं आंबलंय.' आणि विचारतात कशा, 'माझा मिरचीचा खार हिला वास येतो म्हणून चालत नाही ना?' त्यावर 'इंडियात ना, आंबवायचं शास्त्र कोणाला कळत नाही,' असं उत्तर आलं. इडलीचं पीठ शेजारीच झाकून ठेवलेलं होतं. ते बिचारं काय बोलणार.

आता जे सांगते, त्यात मला हसू येत नाही. आमच्या पार्लरमध्ये एक मुलगी आहे, मूळची इंफाळची, सात वर्षं पुण्यात. सुरुवातीला ती आली तेव्हा रिक्षावाले, पोरं, अगदी शिकलेल्या बायकाही तिला 'चिनी' म्हणायच्या, घर भाड्याने देताना नाकं मुरडायच्या. तिने हे सगळं ऐकून घेतलं, त्याच काळात मराठी शिकली, आणि आता माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करते. गेल्या महिन्यात मी भुवया करायला बसले होते, तर कॉलेजच्या तीन मुली तिच्याबरोबर सेल्फी काढायला रांगेत. 'तू कोरियन आहेस का? किती सेम दिसतेस!' ती म्हणाली, 'ताई, मी मणिपूरची.' त्यांतली एक म्हणाली, 'पण दिसतेस कोरियन. लकी आहेस.' सात वर्षांत माणूस तोच, चेहरा तोच. फक्त मधे कोणीतरी मालिका पाहिली.

मी तिला विचारलं, तुला राग नाही येत? ती दोरा ओढत म्हणाली, 'ताई, आमच्याकडे हे कधीच होऊन गेलं.' खरंच आहे ते. २००० साली मणिपुरात एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली. थेटरं ओस पडली. मग अरिरांग नावाची कोरियन वाहिनी आली, सीडी आल्या, इंफाळच्या पोरांनी केस कोरियन केले, लग्नाच्या वऱ्हाडात 'सारांघे' ऐकू यायला लागलं. आपण इथे सासू-सुनांच्या मालिकांत बुडालेलो होतो तेव्हाची ही गोष्ट. २०२३च्या स्वातंत्र्यदिनी चुराचांदपूरला हिंदी सिनेमा उघड्यावर दाखवला, तर ती देशभर बातमी झाली. म्हणजे बघा, तिचं बालपण कोरियन बघण्यात गेलं कारण आपले सिनेमे तिच्यापर्यंत पोचू दिले नाहीत, आणि आपल्या पोरींनी तिच्याकडे प्रेमाने बघावं म्हणून सोलहून मालिका यावी लागली. पुणे ते इंफाळ पासपोर्ट लागत नाही, पण रस्ता मात्र आम्ही व्हाया कोरिया काढला. त्या तीन पोरींना मणिपूरची राजधानी विचारून बघा. मी विचारली होती. एकीने 'शिलाँग' सांगितलं, बाकीच्या दोघींनी तिला दुजोरा दिला.

असो. भुवया छान झाल्या.

शेवटचं आणि सगळ्यात धक्कादायक आता सांगते. आमच्या सासूबाई फुटल्या. होय, त्याच, भाऊबीजेवाल्या. वय अठ्ठ्याहत्तर. एकदा गुडघ्याला शेक घेत बसल्या होत्या आणि समोर भाची 'रिप्लाय १९८८' बघत होती. सोलमधली एक गल्ली, पाच घरं, पाचांची पोरं एकत्र वाढलेली. बाप दोस्ताच्या कर्जाला जामीन राहून बुडालेला, म्हणून एक कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. पहिल्याच भागात संध्याकाळचा स्वयंपाक झाला, की एक आई पोरीला वाडगा देऊन शेजारी पाठवते. शेजारीण तो रिकामा परत कसा करणार? ती आपल्या घरचं घालून देते. मग तिसरी. पोरं गल्लीत एकमेकांना ओलांडत धावतायत, हातात वाडगे, आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात शेजारची घरं.

सासूबाईंनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, कोरियनचा प्रश्नच नाही. भाची समजावून सांगायला गेली तर म्हणाल्या, 'गप गं, कळतंय मला. आमची चाळ आहे ही.' गिरगावात त्यांचं माहेर, मग सासरही. मजल्यावर सोळा बिऱ्हाडं, आणि वाटी रिकामी द्यायची नाही हा घटनेच्या वरचा कायदा. कोणाच्या घरी कटाची आमटी झाली की तिचा वास आधी यायचा, वाटी मागून. ती चाळ पाडली त्यालाही आता वीस वर्षं झाली. कोरियावाल्यांनीही तसल्या गल्ल्या पाडल्या, वर पंचवीस मजले चढवले, आणि मग त्याच गल्लीची मालिका काढून आमच्या सासूबाईंना विकली. हुशार जात!

तेव्हापासून रोज दुपारी दोघी बघतात. भाची 'इंडियात ना' म्हणायला तोंड उघडते, तर सासूबाई 'गिरगावात' म्हणून वाक्य पुरं करतात. गेल्या गुरुवारी भाचीला काय सुचलं कोण जाणे, घरी अळूची भाजी झाली होती, ती तिने वाटीत घातली आणि समोरच्या ३०२ ची बेल वाजवली. दोन वर्षं आम्ही समोरासमोर राहतो, त्यांचं आडनाव मला पाटीवरून ठाऊक आहे. आतून भिंगातून बघितल्याचा आवाज आला, दार साखळीपुरतं उघडलं, आणि बाईंनी विचारलं, 'आम्ही काही मागवलं नव्हतं. ओटीपी सांगायचाय का?'

वाटी तिसऱ्या दिवशी परत आली. आत चार बेसनाचे लाडू होते. विकतचे, पण होते.

तर आता जाताना एक करा. त्या अठ्ठ्याऐंशीवाल्या मालिकेत वीस भाग आहेत, आणि ती पोरगी त्या गल्लीतल्या नेमक्या कुठल्या मुलाशी लग्न करते, यावर सासूबाईंनी निशावहिनींशी शंभर रुपयांची पैज लावलीय. त्या अजून बाराव्या भागावर आहेत. तुम्ही पाहिली असेल, तर कृपा करून आमच्याकडे फोन करून सांगू नका.